पैठण ते कांचनवाडी : लॉ सीईटी आणि क्लॅटची तयारी

पैठणहून छत्रपती संभाजीनगरला जाणारी एसटी ढोरकीन, बिडकीन, चितेगाव करत नक्षत्रवाडी ओलांडते आणि कांचनवाडी येते. रस्त्यापासून थोडे आत महाराष्ट्र राष्ट्रीय विधी विद्यापीठ आहे, २०१७ साली सुरू झालेले. पुढे शहरात माणिकचंद पहाडे विधी महाविद्यालय आहे, १९५६ पासूनचे. त्याच शहरात २७ ऑगस्ट १९८१ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे खंडपीठ बसते. थोडक्यात, कायदा शिकण्याची आणि त्यावर पोट भरण्याची सगळी सोय पन्नास-पंचावन्न किलोमीटरच्या एकाच रस्त्यावर आहे. मधे एक प्रवेश परीक्षा आहे, तिथे आपली मुले अडतात.

अडतात ती हुशारी कमी पडते म्हणून नव्हे. एक तर लांबलचक उतारा शांतपणे वाचायची सवय नसते आणि दुसरे म्हणजे निकाल लागल्यावर कागदपत्रांची धावपळ सुरू होते. कायद्याची जाडजूड पुस्तके विकत घेऊन यातले एकही दुखणे बरे होत नाही. म्हणून या लेखात कलमे पाठ करण्याचा सल्ला नाही. वाचायचे कसे आणि कागद जमवायचे कधी, एवढेच सांगायचे आहे.

आधी परीक्षा कोणती ते ठरवा

वकील होण्याचे दोन रस्ते आहेत. बारावीनंतर पाच वर्षांचा अभ्यासक्रम किंवा कोणत्याही पदवीनंतर तीन वर्षांचा. राज्यातल्या बहुतेक विधी महाविद्यालयांत या दोन्हींसाठी राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्षाची सीईटी द्यावी लागते. पाच वर्षांची वेगळी, तीन वर्षांची वेगळी. राष्ट्रीय विधी विद्यापीठांसाठी मात्र क्लॅट. महाराष्ट्रात अशी विद्यापीठे मुंबई, नागपूर आणि आपले संभाजीनगर अशी तीन ठिकाणी आहेत. कांचनवाडीच्या पदवी वर्गात सीईटीच्या गुणांवर प्रवेश मिळत नाही, हे पालकांनीही नीट लक्षात घ्यावे.

दोन्ही परीक्षांचा स्वभाव वेगळा आहे. सीईटी साधारण मार्च ते मे या काळात होते, प्रश्न १२०, वेळ दोन तास, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, आणि इंग्रजीचा विभाग सोडला तर प्रश्न मराठीतही असतात. क्लॅट त्याआधीच्या डिसेंबरात होते. तिथेही प्रश्न १२० आणि वेळ दोन तास, पण सगळा कारभार इंग्रजीत, जवळजवळ प्रत्येक प्रश्न उताऱ्यावर आणि चुकीच्या उत्तराला पाव गुण वजा. अर्जाचे शुल्कही सर्वसाधारण वर्गासाठी चार हजार रुपयांच्या घरात जाते. शिवाय राष्ट्रीय विधी विद्यापीठांचा वर्षाचा खर्च लाखांत असतो. महाराष्ट्रातल्या रहिवाशांसाठी आणि आरक्षित प्रवर्गांसाठी तिथे जागा राखीव असतात, शिष्यवृत्त्याही आहेत. पण हा हिशेब घरात अर्ज भरण्याआधी मांडावा, निकालानंतर नव्हे.

मराठी माध्यमातून अकरावीत असाल आणि इंग्रजी वर्तमानपत्राचे एक पान कोशाशिवाय वाचता येत नसेल, तर क्लॅटसाठी दीड वर्ष हाताशी ठेवा. बारावीच्या ऑक्टोबरात ही परीक्षा आठवली असेल, तर यंदा सीईटीवर सगळा जोर लावणे शहाणपणाचे. दोन्ही द्यायच्या असतील तर अभ्यास क्लॅटच्या पद्धतीने करा. उतारा पचवायला शिकलेल्याला सीईटी सोपी जाते. याच्या उलट होत नाही.

पात्रतेत फसू नका

पाच वर्षांसाठी बारावीला, तीन वर्षांसाठी पदवीला खुल्या प्रवर्गातून किमान ४५ टक्के, इतर मागास प्रवर्गांना ४२ आणि अनुसूचित जाती-जमातींना ४० टक्के लागतात. शाखेची अट नाही. कला, वाणिज्य, विज्ञान सगळे चालते. वयाचीही अट नाही. चाळिशीतला शिक्षक किंवा पन्नाशीतला शेतकरी तीन वर्षांच्या वर्गात बसू शकतो.

एक खड्डा मात्र आपल्याकडे पुष्कळांना माहीत नसतो. बारावी न करता, पूर्वतयारी परीक्षा देऊन थेट मुक्त विद्यापीठाची पदवी घेतलेल्यांना भारतीय विधिज्ञ परिषदेचे नियम विधी प्रवेशास पात्र धरत नाहीत. दहावी-बारावी रीतसर करून नंतर मुक्त विद्यापीठातून पदवी घेतली असेल तर अडचण नाही. ज्यांचे शिक्षण मधेच तुटले होते त्यांनी पहिला कागद हाच तपासावा. नोकरी करणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. वकिलीचे शिक्षण पूर्णवेळ मानले जाते आणि वर्गात ७० टक्के हजेरी लागते. फक्त परीक्षेपुरते जायचे, हा बेत चालत नाही.

प्रश्नपत्रिकेत किती वाटा कुणाचा

सीईटी पूर्वी १५० प्रश्नांची होती, आता १२० ची आहे. पाच वर्षांच्या परीक्षेत कायद्याचा कल ३२, तर्क ३२, सामान्य ज्ञान व चालू घडामोडी २४, इंग्रजी २४ आणि गणित ८ अशी वाटणी आहे. तीन वर्षांच्या परीक्षेत गणित नाही. तिथे इंग्रजी ४०, सामान्य ज्ञान ३२, कायद्याचा कल २४ आणि तर्क २४. दर वर्षीची माहितीपुस्तिका निघाली की हे आकडे तिच्याशी ताडून पाहावेत; मोठ्या भावाच्या जुन्या पुस्तकावर विसंबू नये.

या आकड्यांतच अभ्यासाची दिशा आहे. तीन वर्षांच्या परीक्षेत एक तृतीयांश गुण इंग्रजीला आहेत. पदवीधर उमेदवार कायदा पाठ करत बसतात आणि हे चाळीस गुण देवावर सोडतात. पाच वर्षांच्या परीक्षेत कायदा आणि तर्क मिळून ६४ गुण, म्हणजे निम्म्याहून जास्त. बारावी विज्ञानाची मुले ओळखीचे म्हणून गणितावर महिना घालवतात, त्याला गुण आठ.

कायद्याचा कल : नियम आधी, मन नंतर

सीईटीत या विभागात दोन तऱ्हेचे प्रश्न येतात. काही थेट माहितीचे असतात : संविधानाची कलमे, लॅटिन सूत्रे, गाजलेले निकाल. बाकीचे नियम आणि प्रसंग देऊन विचारलेले असतात. क्लॅटमध्ये दुसरीच तऱ्हा, उताऱ्याच्या रूपात. यातला डाव समजायला आपल्या गावातलाच एक प्रसंग घेऊ.

नियम : जो कोणी आपल्या जमिनीत मोठा पाणीसाठा करतो, तो साठा फुटून शेजाऱ्याचे नुकसान झाले, तर निष्काळजीपणा नसला तरी तो जबाबदार असतो. प्रसंग : ढोरकीनच्या एका बागायतदाराने मोसंबीसाठी शेततळे बांधले. चांगला ठेकेदार लावला, उत्तम कागद अंथरला, रोज देखरेख ठेवली. तरीही एका रात्री बांध फुटला आणि शेजाऱ्याची कपाशी वाहून गेली. भरपाई द्यावी लागेल का?

बहुतेक मुले लिहितात, नाही. बिचाऱ्याने सगळी काळजी घेतली होती. माणूस म्हणून हे उत्तर चांगले असेल, परीक्षेत ते चूक आहे. नियमातले ‘निष्काळजीपणा नसला तरी’ हे तीन शब्द वाचले असते तर गुण मिळाला असता. या नियमाचे मूळ १८६८ च्या रायलँड्स विरुद्ध फ्लेचर या इंग्लंडमधल्या निकालात आहे. गिरणीसाठी बांधलेल्या तलावाचे पाणी शेजारच्या खाणीत शिरले होते. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीतल्या १९८५ च्या ओलियम वायुगळतीनंतर एम. सी. मेहता प्रकरणात धोकादायक उद्योगांसाठी हा नियम आणखी कडक केला आणि अपवादांची पळवाटही बंद केली. जायकवाडीच्या नाथसागराच्या काठावर राहणाऱ्याला तलावाचा हा निकाल विसरणे अवघड जावे.

आता जरा वाकडा प्रश्न. नियम : अठरा वर्षे पूर्ण नसलेल्या व्यक्तीशी केलेला करार मुळातच रद्दबातल असतो, सज्ञान झाल्यावर त्याला मान्यता देऊनही तो जिवंत होत नाही. प्रसंग : पैठणी विणणाऱ्या मुलाने अठरावा वाढदिवस तीन दिवसांवर असताना व्यापाऱ्याशी साडीचा करार केला. वाढदिवसानंतर फोनवर म्हणाला, ‘ठरलंय ते ठरलंय, साडी देतो.’ नंतर दिली नाही. करार मोडला म्हणून व्यापारी दावा जिंकेल का? जिंकणार नाही. तीन दिवस काय नि तीन वर्षे काय, कायद्याला सारखेच. आणि फोनवरच्या शब्दाचा दरवाजा नियमाच्या दुसऱ्या अर्ध्या भागाने आधीच लावून टाकला आहे. १९०३ च्या मोहरीबीबी विरुद्ध धर्मोदास घोष या प्रिव्ही कौन्सिलच्या निकालापासून अज्ञानाच्या कराराचे हे तत्त्व भारतात पक्के आहे.

सरावासाठी एक सोपी रीत सांगतो. वहीच्या पानावर उभी रेघ ओढा. डावीकडे नियमाचे तुकडे, एकेका ओळीत एकेक अट. उजवीकडे प्रसंगातली त्या अटीला लागू पडणारी गोष्ट. एखादी अट उजवीकडे रिकामी राहिली की उत्तर तिथेच असते. असे दीडशे-दोनशे प्रसंग सोडवले की रेघ मनातच ओढली जाते.

थेट माहितीसाठी वाचायचे ते मोजके. संविधानाची उद्देशिका, कलम १४, १९, २१ आणि ३२, उच्च न्यायालयांच्या अधिकाराचे २२६, दुरुस्तीचे ३६८, मूलभूत कर्तव्यांचे ५१ क. २४ एप्रिल १९७३ चा केशवानंद भारती निकाल, १३ न्यायाधीश, सात विरुद्ध सहा. आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेले तीन फौजदारी कायदे. भारतीय दंड संहितेची ५११ कलमे जाऊन भारतीय न्याय संहितेची ३५८ आली. खुनाच्या शिक्षेचे ३०२ आता १०३ झाले. आपण ज्याला सहज ‘चारशे वीस’ म्हणतो, तो फसवणुकीचा गुन्हा आता कलम ३१८ मध्ये आहे. जुनी पुस्तके स्वस्तात मिळतात म्हणून घेऊ नका. या एका बदलाने ती शिळी झाली आहेत.

इंग्रजी : संविधान दोन डोळ्यांनी वाचा

मराठी माध्यमाच्या मुलांना सगळ्यात जास्त भीती याच विभागाची. त्यावर माझ्या पाहण्यातला सगळ्यात स्वस्त आणि खात्रीचा उपाय म्हणजे राज्य शासनाने काढलेली ‘भारताचे संविधान’ची द्विभाषी आवृत्ती. रोज एक कलम आधी मराठीत वाचायचे, अर्थ पक्का करायचा, मग तेच इंग्रजीत. अर्थ आधीच माहीत असल्याने लांब इंग्रजी वाक्य कुठे वळते, कुठे अट घालते, कुठे अपवाद काढते हे दिसू लागते. कायद्याची इंग्रजी भाषा तिच्या ‘परंतु’ आणि ‘तथापि’ यांवर चालते. ते सापडले की उतारा उलगडतो.

पुढची पायरी निकालांची. सर्वोच्च न्यायालयाच्या ई-एससीआर संकेतस्थळावर निवडक निकालांचे मराठी अनुवाद विनामूल्य आहेत. महिन्यातून दोन निकालांचा सारांश दोन्ही भाषांत वाचा. प्लेन्टिफ म्हणजे वादी, डिफेंडंट म्हणजे प्रतिवादी, इंजंक्शन म्हणजे मनाई हुकूम, डिक्री म्हणजे हुकूमनामा, अशी स्वतःची वही करा. यातले मराठी शब्द तुम्ही ऐकलेले असतात. बांधाचा वाद, वाटणी, फेरफार, सातबारा, जामीन, मुखत्यारपत्र हे शब्द शेतकऱ्याच्या घरात जेवताना बोलले जातात. शहरातल्या इंग्रजी माध्यमाच्या मुलाला ‘म्युटेशन एंट्री’ म्हणजे नेमके काय ते समजावून सांगावे लागते. तुम्हाला ते तलाठ्याच्या चकरांमुळे आधीच ठाऊक असते. ही शिदोरी कमी समजू नका.

व्याकरणासाठी आठवीपासून बारावीपर्यंतची पाठ्यपुस्तके पुरतात. काळ, अव्यये, कर्ता-क्रियापदाची जुळणी, समानार्थी-विरुद्धार्थी शब्द. नवे शब्द यादीतून पाठ करण्यापेक्षा ज्या वाक्यात भेटले त्या वाक्यासकट लिहून ठेवा.

सामान्य ज्ञान : पारावरच्या गप्पांना तारीख लावा

चालू घडामोडींची मासिके घ्या, पण समजून घेण्याची सुरुवात घरापासून करा. पैठणकर दर पावसाळ्यानंतर एका प्रश्नावर तावातावाने बोलतो : वरच्या धरणांतून जायकवाडीला पाणी कधी सुटणार? या गप्पांच्या खाली केवढा कायदा आहे पाहा. महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण अधिनियम २००५, त्यातले समन्यायी पाणीवाटपाचे कलम १२ (६) (ग), १५ ऑक्टोबरला साठा ६५ टक्क्यांखाली असेल तर पाणी सोडण्याचे मेंढेगिरी समितीचे सूत्र, आणि २०१६ साली मुंबई उच्च न्यायालयाने दिलेला निकाल. धरणाची पायाभरणी १८ ऑक्टोबर १९६५ ला लालबहादूर शास्त्रींनी केली, लोकार्पण २४ फेब्रुवारी १९७६ ला इंदिरा गांधींनी. नदीच्या पाण्यावर कुणाचा हक्क, या विषयावर क्लॅटमध्ये उतारा आला तर तुमच्याइतका तयार उमेदवार शोधून सापडणार नाही. मात्र गप्पा तारखांनिशी वहीत उतरलेल्या हव्यात.

पैठणीला २०१० साली भौगोलिक मानांकन मिळाले. ते कोणत्या कायद्याखाली, हा पुढचा प्रश्न : १९९९ चा भौगोलिक मानांकन कायदा, तो लागू झाला २००३ मध्ये. मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन १७ सप्टेंबर, कारण १९४८ साली त्या दिवशी हैदराबाद संस्थानावरची पोलीस कारवाई संपली. आरक्षणावर तर गावोगाव बोलले जाते. त्यातले टप्पे क्रमाने लावा : १९९२ चा इंद्रा साहनी निकाल आणि ५० टक्क्यांची मर्यादा, २०१९ ची १०३ वी घटनादुरुस्ती आणि आर्थिक दुर्बलांचे दहा टक्के, २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द ठरवलेला राज्याचा २०१८ चा मराठा आरक्षण कायदा, २०२४ चा नवा कायदा. बाजू कोणतीही असो, परीक्षेत मताला गुण नाहीत, क्रमाला आहेत.

रोज पाऊण तास पुरे. एक मराठी वर्तमानपत्र पूर्ण, एका इंग्रजी वर्तमानपत्राचे संपादकीय पान आणि न्यायालयाच्या बातम्या. रविवारी आठवड्याची उजळणी. परीक्षेपूर्वीचे वर्ष-दीड वर्ष जास्त बारकाईने पाहा.

तर्क आणि गणित

तर्काच्या विभागात अक्षरमाला, संकेत, दिशा, बैठकव्यवस्था, विधान-निष्कर्ष आणि नातेसंबंध हे नेहमीचे प्रकार आहेत. रोज वीस प्रश्न, घड्याळ लावून. नातेसंबंधांत मराठी मुलांची एक गंमत होते. इंग्रजी प्रश्नातला ‘अंकल’ काका की मामा, ‘कझिन’ चुलतभाऊ की आतेभाऊ, हे कळत नाही म्हणून गोंधळ उडतो. उपाय आपल्याच भाषेत आहे. वंशवेल काढताना नाती मराठीत लिहा. आपल्याकडे प्रत्येक नात्याला वेगळा शब्द असल्याने बापाची बाजू आणि आईची बाजू आपोआप वेगळी पडते. उत्तर मिळाले की इंग्रजी शब्द शोधा.

सीईटीच्या आठ गुणांसाठी शेकडेवारी, सरासरी, गुणोत्तर, नफा-तोटा, व्याज, काळ-काम-वेग एवढे करावे. क्लॅटचे गणित तक्ता किंवा आकडेवारीच्या उताऱ्यावर असते. तिथे दहावीच्या गणितापेक्षा जास्त लागत नाही, पण वाचावे मात्र लागते.

वर्षाची आखणी

बारावीच्या मुलांसाठी जूनपासूनचा काळ असा वाटता येईल. जून ते सप्टेंबर रोज दोन तास : एक वाचनाचा, एक तर्क आणि कायद्याच्या प्रसंगांचा. क्लॅट देणाऱ्यांनी ऑक्टोबर-नोव्हेंबरात आठवड्याला दोन पूर्ण सराव चाचण्या द्याव्यात. डिसेंबरनंतर बारावीला प्राधान्य. या काळात फक्त वर्तमानपत्र आणि दिवसाला दहा प्रश्न, म्हणजे धार जात नाही. बारावीचा शेवटचा पेपर झाला की दुसऱ्या दिवसापासून सीईटी.

आणि नाथषष्ठी विसरू नका. फाल्गुनातली यात्रा बहुधा मार्चमध्ये, नेमकी बारावी आणि सीईटीच्या आसपास येते. दिंड्या, पाहुणे, भोंगे, भरलेल्या एसट्या. त्या तीन-चार दिवसांचा अभ्यास आधीच पुढे ओढून घ्या किंवा चुलत्या-मावशीच्या गावी जाऊन करा. यात्रेत घरात बसून रागावण्यापेक्षा नाथांचे दर्शन घेऊन परत येणे बरे.

पदवीधर आणि नोकरदारांनी पहाटेचे दीड तास आणि रविवार धरावा. रोज शहरात ये-जा करणाऱ्यांना एसटीत दोन्ही वेळचे मिळून तीन तास मिळतात. गाडी हलत असताना वाचून डोके दुखते. त्यापेक्षा स्वतःच्या आवाजात मोबाइलवर ध्वनिमुद्रित केलेल्या नोंदी ऐका. आपला आवाज ऐकताना चुका लगेच कानाला टोचतात.

क्लास लावावा का? ज्याला सोबत आणि शिस्त लागते त्याने लावावा. पण सीईटी कक्ष आणि क्लॅटचे आयोजन करणारा विद्यापीठांचा संघ आपापल्या संकेतस्थळांवर नमुना सामग्री देतात. ती फुकट सोडून महागडे साहित्य घेण्यात अर्थ नाही.

दोन तासांचा हिशेब

१२० प्रश्न, १२० मिनिटे. पण प्रत्येक प्रश्नाला मिनिट द्यायचे नाही. पाच वर्षांच्या सीईटीसाठी एक वाटणी अशी करून पाहा : सामान्य ज्ञान १२ मिनिटे, कायदा ३०, इंग्रजी २२, तर्क ४०, गणित १०. ही ११४ झाली. उरलेली सहा मिनिटे सोडलेल्या प्रश्नांसाठी. सीईटीत गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा ठेवणे हा गुन्हाच समजा. क्लॅटमध्ये चार चुका एक बरोबर उत्तर खातात. तिथे चारपैकी दोन पर्याय ठामपणे खोडता आले तर उत्तर द्या. चारही सारखेच वाटत असतील तर पुढे चला.

सीईटी संगणकावर होते. घरी संगणक नसेल तर कॉलेजच्या प्रयोगशाळेत किंवा मित्राकडे किमान पाच चाचण्या पडद्यावर वाचून द्या. उतारा कागदावर वाचणे आणि पडद्यावर वाचणे यांत फरक पडतो. माऊसची सवय परीक्षेच्या दिवशी करायची नसते. प्रत्येक चाचणीनंतर गुण मोजून थांबू नका. चुकलेल्या प्रश्नापुढे कारण लिहा : माहिती नव्हती, नियम अर्धवट वाचला की घाई झाली. बऱ्याच जणांच्या वहीत दुसरे कारणच सगळ्यात जास्त वेळा सापडते.

कागद : परीक्षेइतकाच मोठा पेपर

शुद्धिपत्रासाठी ज्ञानेश्वरादी भावंडांना पैठणला यावे लागले, असे परंपरा सांगते. पैठणकराला कागदाचे महत्त्व वेगळे सांगायला नको. तरी दर वर्षी कुणाचा तरी प्रवेश एका दाखल्यावाचून हुकतोच.

यादी अशी : दहावी-बारावीच्या (किंवा पदवीच्या) गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, आधार, वय-राष्ट्रीयत्व-अधिवास प्रमाणपत्र, जातीचे प्रमाणपत्र, जात वैधता, नॉन-क्रिमीलेअर, आर्थिक दुर्बल घटकाचे प्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला आणि शिक्षणात खंड असेल तर त्याचे शपथपत्र. ज्याला जे लागू असेल ते. जात वैधतेला सगळ्यात जास्त वेळ लागतो. आजोबा-पणजोबांच्या नोंदी शोधाव्या लागतात, म्हणून अकरावीतच जिल्हा पडताळणी समितीकडे अर्ज करावा. नॉन-क्रिमीलेअरची मुदत ३१ मार्चला संपते. प्रवेशाच्या वर्षानंतरच्या ३१ मार्चपर्यंत चालणारे प्रमाणपत्र हवे. जुने दाखवून चालत नाही. तहसीलच्या सेतू केंद्रावर जून-जुलैत झुंबड असते, एप्रिलमध्येच जा.

अर्ज भरताना आणखी एक दक्षता घ्या. नेट कॅफेवाल्याचा ई-मेल आणि मोबाइल क्रमांक अर्जात टाकू देऊ नका. ओटीपी, प्रवेशपत्र, फेरीची सूचना सगळे त्याच क्रमांकावर येते; तो हंगामात शेकडो अर्ज भरतो, तुमचा संदेश त्याच्या ध्यानात राहत नाही. स्वतःचा ई-मेल उघडा आणि पासवर्ड वहीत लिहा. नाव दहावीच्या गुणपत्रिकेवर जसे आहे तसेच, काना-मात्रेसकट.

निकालानंतर

सीईटीचा निकाल लागला म्हणजे प्रवेश झाला असे नाही. केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेसाठी पुन्हा नोंदणी, कागदपत्रांची पडताळणी आणि महाविद्यालयांचा पसंतीक्रम भरावा लागतो. दर वर्षी काही मुले निकालाचा फोटो स्टेटसला ठेवून निर्धास्त होतात आणि नोंदणीची तारीख निघून जाते.

पसंतीक्रमात मुंबईचे शासकीय विधी महाविद्यालय किंवा पुण्याचे आयएलएस जरूर लिहा. पहिले १८५५ चे, जिथे १९३५ पासून काही वर्षे डॉ. बाबासाहेब आंबेडकर प्राचार्य होते. दुसरे १९२४ चे. पण त्या शहरातली खोली, खानावळ यांचा खर्च झेपणार नसेल तर ती नावे केवळ मानासाठी वर लिहू नका. घरी राहून संभाजीनगरला ये-जा करता येते. खंडपीठाच्या शहरात शिकण्याचा फायदा वेगळाच असतो, मोठे वकील युक्तिवाद करताना समोर बसून ऐकता येतात. मुलींनी व्यावसायिक अभ्यासक्रमांतील शुल्कमाफीची २०२४ पासूनची योजना आपल्या महाविद्यालयाला आणि प्रवर्गाला कशी लागू होते ते प्रवेशाच्या वेळीच विचारावे. महाडीबीटीवरचे शिष्यवृत्तीचे अर्जही मुदतीत भरावेत. महाविद्यालयाला भारतीय विधिज्ञ परिषदेची मान्यता आहे ना, हे मात्र सगळ्यात आधी पाहा. नाहीतर पदवी हातात येते आणि सनद येत नाही.

न्यायाधीश व्हायचे स्वप्न असेल त्यांनी एक बदल लक्षात ठेवावा. २० मे २०२५ च्या निकालाने सर्वोच्च न्यायालयाने कनिष्ठ न्यायाधीशपदासाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा आणली आहे. म्हणजे पदवीनंतर तालुका न्यायालयात उभे राहणे आता टाळता येणार नाही. त्यात वाईट काही नाही. पैठणच्या न्यायालयात कामकाज मराठीत चालते आणि पक्षकार आपल्याच गावचा असतो.

सुरुवातीला सराव संच विकत घेऊ नका. संविधानाची द्विभाषी प्रत मिळवा, कलम १४ काढा आणि दोन्ही भाषांत तीनदा वाचा. ते एकच वाक्य आहे. आणि या आठवड्यात एकदा तहसीलला जाऊन दाखल्यांचे अर्ज टाकून या. वाचनालाही वेळ लागतो, दाखल्यालाही.